कावळ्याचा पट

छगननं खिडकीतून काहीतरी खाली टाकलं आणि बोळातल्या फरशीवर ते टपटप वाजलं. आवाज काही मोठा नव्हता. खाली सायकली चालल्या होत्या, समोरच्या कापडाच्या दुकानात कुणीतरी गज आपटत होतं, त्यात हा आवाज कुणाच्या कानावरही पडला नसता. पण चांगुणाच्या हातातला डिंकाचा ब्रश जागच्या जागी थांबला. वाटाणे सांडले तर असे वाजत नाहीत, खडे तर नाहीच नाहीत. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे, एवढंच तिला कळलं. कुठला, ते कळेना. बसमध्ये बसल्यावर, घराला कुलूप घातलं की नाही ते आठवेना म्हणजे होतं, तसं तिला झालं.

“काय टाकलं हो, छगनभाऊ?”

“कचरा हुता, बाई,” छगन म्हणाला. वाचनालयाचा शिपाई, चांगुणापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, आणि झाडू हातात असला की वाचनालयाचा धनीच. “चिंचोकं. फडक्यात बांधल्यालं, सोडलं आन टाकलं. उंदरानं नेलं असतील ट्रंकंत.”

“उंदीर फडक्याला गाठ मारतो का?”

“वकिलाच्या घरचा उंदीर,” छगन म्हणाला. “शिकल्याला असंल.”

ती जिना उतरून बोळात गेली. ऊन टाळूवर आदळत होतं. गटाराच्या कडेला वाकून ती एकेक चिंचोका वेचू लागली तशी कापडवाल्यानं गादीवरून विचारलं, काय हरवलं बाई, सोनं का? ती म्हणाली, तसलंच. चिंचोके अख्खे नव्हतेच. मधोमध फोडलेले होते आणि फोडलेली बाजू दगडावर घासून पांढरी केलेली होती. एका बाजूनं काळा-तांबूस गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं दातासारखा पांढरा. तळहातावर घेऊन तिनं ते नुसते हलवले, आणि बोटांनी आपण होऊन ते खेळवून फेकायची जी मूठ धरली, ती पाहून तिलाच कसंसं झालं. तीस वर्षांत ही मूठ तिनं एकदाही धरली नव्हती.

ट्रंक वकिलांच्या घरून आली होती. म्हातारे वकील गेले, मुलगा पुण्याला निघाला, आणि जाता जाता त्यानं घरातले सगळे खेळ वाचनालयाला देऊन टाकले. त्यात बुद्धिबळं होती, गंजिफा होत्या, सोंगट्यांचे कापडी पट होते, कॅरमच्या सोंगट्या होत्या, सापशिडी होती, आणि पुठ्ठ्याच्या नोटा असलेला व्यापाराचा एक इंग्रजी खेळसुद्धा होता. चार पिढ्यांचे खेळ एका ट्रंकेत कोंबलेले. आणि कोंबताना ज्याचा त्याला मेळ कुणी ठेवलेला नव्हता. बुद्धिबळाच्या डब्यात कॅरमची राणी निघाली, गंजिफाच्या पेटीत फासे निघाले, आणि राजा वजिराच्या शेजारी नसून सापशिडीच्या पुठ्ठ्यात गुंडाळलेला सापडला. ट्रंक उघडताना आप्पासाहेबांनी, म्हणजे ग्रंथपालांनी, चष्मा कपाळावर चढवून एकदा आत पाहिलं होतं आणि म्हणाले होते, चांगुणाबाई, हे तर लग्नघर झालंय, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. मग गंभीर होऊन त्यांनी अट सांगितली. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांसाठी खेळांचा विभाग काढायचा, असं त्यांच्याही मनात होतं. पण कार्यकारी मंडळात दोघे-तिघे म्हणत होते की वाचनालय आहे, पत्त्यांचा अड्डा नव्हे. तेव्हा खेळ राहायचे असतील तर पुस्तकांच्या रीतीनं राहतील. एक खेळ, एक नंबर, एक डबा, एक कार्ड. ज्याला नंबर पडणार नाही तो शनिवारच्या बैठकीनंतर भंगारवाल्याकडे.

हे सगळं चांगुणाला मनापासून पटलं होतं. पुस्तकांची ही रीत तिला फार आवडायची. नवरा याच वाचनालयाची पुस्तकं बांधायचा. तो गेल्यावर त्याचा दाभण, दोरा आणि डिंकाचं भांडं तिच्या हाती आलं, आणि बांधता बांधता ती पुस्तकं वाचायला लागली. मधली पानं आधी, कारण फाटलेली तीच असायची. किती गोष्टींचे शेवट तिला सुरुवातीच्या आधी कळले होते. पुढं आप्पासाहेबांनी तिला नंबरांची रीत शिकवली. जगातलं सगळं ज्ञान दहा शेकड्यांत बसवलेलं आहे, हे ऐकलं तेव्हा ती त्या रात्री एकटीच हसली होती. देव पहिल्या काही शेकड्यांत, शेती सहाशेत, आणि खेळ सातशेच्या अगदी शेवटी, गाण्याबजावणीच्या पलीकडं, काव्याच्या अलीकडं. ज्यानं हे ठरवलं त्याला घर चांगलं लावता येत असणार. आपल्याला जागा आहे, ती ठरलेली आहे, आणि कुणीही उचलून नेलं तरी परत तिथंच यायचं आहे. पुस्तकांच्या या नशिबाचा तिला कधी कधी हेवा वाटायचा. माहेरच्या कोल्हारहून नगरला, नगरात माळीवाड्यातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, अशी ती स्वतः किती जागी ठेवली गेली होती, आणि परत कुठं जायचं हे तिच्या पाठीवर कुणी लिहिलं नव्हतं.

मेळ लावायचं काम तिनं हौसेनं घेतलं होतं. आधी रंगावरून लावून पाहिलं, ते फसलं. सगळ्या खेळांत लाल असतो आणि सगळे लाल एकमेकांचे भाऊ नसतात. मग डोळे मिटून हातावरून लावलं. शिंगाची बुद्धिबळं गार लागतात, लाकडी सोंगट्या कोमट, कॅरमच्या सोंगट्यांना अजून पावडरीचा वास. असं करता करता घरं भरत आली. पुस्तकातून एक पान गेलं तरी पुस्तक पुस्तकच राहतं, पटातून एक सोंगटी गेली की सगळा पट गेला, म्हणून ती प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतून कायकाय आहे ते लिहीत होती. आणि हे सगळं इतकं नेटकं चाललेलं असताना छगननं ती पुरचुंडी खिडकीबाहेर टाकली. खरं सांगायचं तर तिच्या हाती आली असती तर तिनंही टाकलीच असती. छगनवर राग धरायला त्यामुळं जागाच उरली नाही, आणि हेच तिला जास्त टोचत होतं.

ते चिंचोके पदराच्या टोकाला बांधून ती वर येऊन बसली. खिडकीच्या काचेवर डिसेंबरातल्या लढाईच्या वेळचे काळे कागद अजून अर्धेमुर्धे चिकटलेले होते, त्यांतून ऊन तुकड्या-तुकड्यांनी जमिनीवर पडलं होतं, एक काळं घर, एक पांढरं घर. आणि तिला कोल्हारची पडवी दिसली.

शेतात राबणाऱ्या घराला शिवाशिव परवडत नाही. बाई तीन दिवस बाजूला बसली तर खुरपायचं कुणी? पण चांगुणाच्या आत्यानं नेवाशाच्या एका सोवळ्याच्या घरी काही वर्षं काढली होती. तिथून ती माहेरी परत आली ती हातात एक गाठोडं आणि डोक्यात तिथले सगळे नियम घेऊन. तेव्हापासून आईला कावळा शिवला की आई पडवीच्या टोकाला, कडब्याच्या कोपऱ्यात. तिकडं कुणी जायचं नाही. भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. बाकीच्या दिवसांत आई दिसायची ती पाठमोरी. चुलीकडं तोंड, जात्याकडं तोंड, मळ्याच्या वाटेकडं तोंड. त्या तीन दिवसांत मात्र ती बसलेली असायची, आणि तिचं तोंड इकडं असायचं.

घरातल्या कवड्यांना हात लावायची तिला बंदी होती, म्हणून चिंचोके. घरातला पट घ्यायची बंदी, म्हणून जमिनीवर कोळशानं पंचवीस घरं, मधल्या घरावर आणि चार कडांच्या मधोमध फुली. सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. चांगुणा सात-आठ वर्षांची, तिला शिवायचं नाही. म्हणून ओसरीच्या उंबऱ्यापाशी तिचा वेगळा पट, तिचे वेगळे चिंचोके, विटकरीचे खडे. मधे अंगण. असा तो खेळ होता, दोन पटांवर एकच, आणि दोन्ही पटांवर दोघींच्या सोंगट्या, बांगड्यांचे तुकडे आईचे, खडे चांगुणाचे. आई तिकडं चिंचोके टाकायची आणि मोठ्यानं सांगायची, चल्लस. म्हणजे चारही पांढरे. मग आई आपल्या पटावर आपली सोंगटी चार घरं चालवायची आणि चांगुणा इकडं आपल्या पटावर आईची सोंगटी चार घरं चालवायची. चांगुणा ओरडायची, आठ! म्हणजे चारही काळे; एरवी जितके पांढरे तितकी घरं. मग तिकडं आई चांगुणाचा खडा आठ घरं न्यायची. कुणाचं दान काय पडलं ते दुसरीला दिसायचं नाही. ती सांगेल ते खरं. आणि मारणं नव्हतं. दुसरीची सोंगटी बसलेल्या घरात एकीची आली तर एकीनं म्हणायचं, ‘सरक गं बाई,’ आणि दुसरीनं आपली आपण उचलून माघारी न्यायची. शिवायचं नाही म्हटल्यावर मारणार कशी? चौथ्या दिवशी आई न्हायची, कडब्याचा कोपरा शेणानं सारवायची, चिंचोके उकिरड्यावर फेकायची. पट तिथंच पुसला जायचा, कुणीही जिंकायच्या आत. पुढच्या महिन्यात नवा पट. आत्यानं त्याला नाव ठेवलं होतं, कावळ्याचा पट. हिणवायला ठेवलेलं नाव, पण तेच पडलं.

म्हणून या खेळाला डबा नव्हता. खेळून झाला की टाकून द्यायचाच असा तो होता. वकिलांच्या घरातल्या कुठल्या तरी बाईनं मात्र टाकला नाही, फडक्यात बांधला, गाठ मारली आणि पुरुषांच्या बुद्धिबळांच्या खाली दडवून ठेवला. ती तरी खेळली असेल कुणाशी? तिच्या अंगणाच्या पलीकडं कोण बसायचं? चांगुणाला ती बाई इतकी स्पष्ट जाणवली की तिनं दचकून मागं पाहिलं. मागं छगन स्टुलावर बसून डुलक्या घेत होता.

याला नंबर पडला पाहिजे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, मोठ्यानं म्हटलंही नाही. पण त्या क्षणी ते तिच्यात असं बसलं की जसा दाभण पुठ्ठ्यातून पलीकडं निघतो. आता मागं ओढायचा नाही, दोरा घालायचा.

घालायचा म्हणून ती बसली, तर दोरा अडकला. झाकणावर लिहायला खेळाची रीत सगळी हवी. सुरुवात येत होती, मधलं येत होतं. हा खेळ संपतो कसा, ते तिला येईना. मधल्या फुलीत सगळ्या सोंगट्या गेल्या की जिंकलं, हे कवड्यांच्या पटाचं झालं. पण कावळ्याच्या पटात असं झालेलं तिला एकदाही आठवत नव्हतं. ती जिंकत यायची, हे आठवत होतं. आता एक दान, की गेली आत. आणि मग आईचा पट पुसला जायचा, आणि ती रागानं आपला पट पायानं फिसकटायची. पुढं थोरली बहीण बनुबाई वयात आली. मग ती आईच्या शेजारी जाऊन बसली, कडब्याच्या कोपऱ्यात, एकाच पटावर. दोघींचे गुडघे एकमेकींना लागलेले. चांगुणा उंबऱ्यापाशी एकटी. पलीकडून दोघींचं कुजबुजणं आणि हसणं ऐकू यायचं, आणि मग आईचा आवाज यायचा, दोन! त्या दोनचा तिला किती राग यायचा. आपल्यालाही लवकर कावळा शिवावा म्हणून तिनं देवीला नवस केला होता. असला नवस त्या देवीकडं आणखी कुणी केला नसेल. शिवला तेव्हा सगळ्या पोरी रडतात, ही हसत हसत कडब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि आईची वाट बघू लागली. तर आई आली आणि ओसरीच्या उंबऱ्यापाशी बसली. तिचं थांबलं होतं. आता ती शुद्ध झाली होती, कायमची. मधे पुन्हा अंगणच. बनुबाई लग्न होऊन गेलेली. त्या दिवशी दोघींनी पट मांडला, पण चांगुणाच्या तोंडून दानच निघेना.

आईच्या शेजारी, एका पटावर, ती कधीच बसली नाही. हे काही कुणाला सांगण्यासारखं दुःख नव्हतं. याहून मोठी दुःखं तिला झाली होती, त्यांना लोकांनी येऊन सांत्वन केलं होतं, आणि ती होऊन गेली होती. हे तेवढं राहिलं होतं, दातात अडकलेल्या सुपारीसारखं.

रविवारी ती सावेडीला गेली. तिथं बनुबाईच्या मुलानं नवीन बंगली बांधली होती. भिंतींना अजून चुन्याचा वास होता आणि नळाला पाणी नव्हतं, पण नळ होता. अंगणात टँकरची वाट बघत पिंपं मांडलेली. बनुबाई रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होती आणि निवडता निवडता अमेरिकेला शिव्या देत होती, की ही ज्वारी त्यांची डुकरं तरी खातात का. चांगुणाला पाहून तिनं सूप सरकवून जागा केली, आणि एवढ्या उन्हात आलीस ती काहीतरी काम काढूनच आली असशील, असं म्हणून घेतलं. चांगुणानं पदराची गाठ सोडली आणि चिंचोके सुपात टाकले. मिलोच्या दाण्यांत ते काळे-पांढरे पडले. बनुबाईचा हात थांबला.

चांगुणानं सगळं सांगितलं. ट्रंक, नंबर, शनिवारची बैठक. बनुबाईनं ऐकून घेतलं आणि मग आतल्या दाराकडं एकदा बघून आवाज खाली आणला.

“लाज हाय का तुला? ते काय चारचौघांत सांगायचं हाय का? बाप्यांच्या म्होरं?”

चांगुणा म्हणाली की सांगायचं नाही, लिहायचं आहे. बनुबाई म्हणाली की मग तर लईच चांगलं, न्हाई कळलं त्यालाबी वाचता येईल. एवढं बोलून ती पुन्हा ज्वारी निवडू लागली, पण चिंचोके तिनं सुपातून काढले नाहीत. बोटं त्यांना वळसा घालून जात होती. थोड्या वेळानं चांगुणानं ज्यासाठी आली होती ते विचारलं, की तो खेळ संपायचा कसा?

“संपायचा न्हाई,” बनुबाई म्हणाली.

“न्हाई कसा? मी किती येळा जिंकत आले हुते. एक दान पडलं असतं—”

“तू जिंकत आलीस की आई माझ्या गुडघ्याला चिमटा काढायची. बोलू नको म्हनून.” बनुबाई दाण्यांकडं बघत बोलत होती. “माझ्या डोळ्यादेखत तिला आठ पडायचं आन ती वरडायची, दोन. तिची सोंगटी कवाच आत गेली असती. न्यायची न्हाई. तुझीबी जाऊ द्यायची न्हाई, मुद्दाम वाटंत बसायची आन सरक म्हनायची. मी म्हनलं, अगं खोटं काहून बोलती? तर म्हनली, एकदा का कुनी जिंकलं की धाकली उठून खेळायला जाईल.”

पिंपांवर कावळा येऊन बसला आणि पाणी नाही म्हणून उडून गेला. बनुबाईनं सूप पाखडलं. चिंचोके जड, ते मागंच राहिले.

“मला वाटायचं, तुमी दोघी मला हसताय.”

“मी हसत हुते,” बनुबाई म्हणाली. “आई न्हाई.”

परत येताना ती टांग्यात बसली नाही. दिल्ली दरवाजापर्यंत चालत आली, आणि चालताना उजव्या हाताची बोटं पदराखाली काहीतरी उचलून पुढं ठेवत होती, उचलून पुढं ठेवत होती. दरवाजाच्या सावलीत गार वाटलं म्हणून ती थांबली आणि तेव्हा तिला दिसलं की आपण आईची सोंगटी चालवतो आहोत. स्वतःची नव्हे. इतकी वर्षं तिला आठवत होतं ते मधलं अंगण. पण ओसरीच्या उंबऱ्यापाशी, तिच्या पटावर, बांगडीच्या तुकड्यांना तीच तर हात लावत होती. आणि पलीकडं, जिथं कुणी कुणाला शिवायचं नव्हतं तिथं, विटकरीचा खडा दोन बोटांत धरून आई तिला एकेक घर पुढं नेत होती. दिवसभर. तीन दिवस. बनुबाई शेजारी बसली होती हे खरं, पण बनुबाईची सोंगटी बनुबाईच चालवत होती. मागून येणाऱ्या हातगाडीवाल्यानं, बाई, वाटंत उभं राहून काय मोजताय, असं विचारलं, तेव्हा ती बाजूला झाली.

आता तिला काय करायचं ते नीट दिसत होतं. दोन पिशव्या शिवायच्या. एक नंबर, पण पिशव्या दोन. दोन्हींत घडी घालून ठेवलेला मांजरपाटाचा पट, चार चिंचोके, सोंगट्या. वकिलांच्या घरचे चिंचोके एका पिशवीत गेले, दुसरीसाठी तिनं माळीवाड्यातल्या जिन्याच्या पायरीवर बसून नवे घासले. घासताना तळहात तापला, चिंचेचा तो कोरडा, भाजल्यासारखा वास आला, आणि शेजारणी विचारत राहिल्या की हे काय नवीन औषध.

शुक्रवारी संध्याकाळी आप्पासाहेब सगळे डबे तपासायला बसले. एकेक कार्ड बघत, झाकण उघडत, मान हलवत. बुद्धिबळाचा राजा स्वगृही आलेला पाहून त्यांनी त्याला नमस्कारसुद्धा केला. मग त्या दोन पिशव्या आल्या. नंबर एकच पाहून त्यांनी चष्मा पुसला. ते म्हणाले की एका खेळाला एक डबा असं ठरलं होतं. चांगुणा म्हणाली की हा खेळ एका जागी होतच नाही. एक पिशवी एका घरी, दुसरी दुसऱ्या घरी. त्यांनी विचारलं, की एकच सभासद दोन्ही घेऊन गेला तर? तर त्याला खेळ मिळणार नाही, नुसते चिंचोके मिळतील, ती म्हणाली. मग त्यांनी नाव वाचलं आणि आत शिवलेला रीतीचा कागद वाचायला घेतला. चांगुणा त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती, त्यांच्या टाकाकडं बघत होती. टाक दौतीच्या काठावर टेकलेला होता. कागदात तिनं आडून काही लिहिलं नव्हतं. पहिलीच ओळ होती, बाई बाजूला बसलेली असताना हा खेळ खेळतात, म्हणून त्याला पट दोन.

आप्पासाहेबांचा चेहरा अवघडला. ते मऊपणानं म्हणाले की खेळ उत्तम आहे, राहू द्यावा. नाव ‘दोन पटांचा खेळ’ असं करू, आणि ती पहिली ओळ गाळू. मंडळाच्या सभासदांचं काही सांगता येत नाही, उगीच एका ओळीपायी सगळा विभाग अडकायचा. म्हणणं काही खोटं नव्हतं. हो म्हणावं असं चांगुणाच्या मनातही आलं. बनुबाईचं तोंड डोळ्यांपुढं आलं, बाप्यांच्या म्होरं. एवढं सगळं सातशेच्या घरात बसलंय, एका ओळीसाठी भंगारात घालायचं?

“ओळ गाळली तर पट दोन कशाला, ते कुणाला कळायचं नाही,” ती म्हणाली. आवाज जरा घोगरा निघाला, तरी निघाला. “मग कुणीतरी शहाणं महिन्याभरात दोन्ही पिशव्या एकात घालील. न शिवायचं कारण गेलं की कुणी म्हणेल, सोंगटी मारू या की. दान सांगायचं कशाला, दिसतंय की. आप्पासाहेब, हा खेळ त्या ओळीवरच उभा आहे. ती काढायची असली तर छगनभाऊंनी टाकला होता तोच बरा.”

दाराशी छगन उभा होता, त्यानं एकदम छताकडं पाहिलं.

आप्पासाहेबांनी कागद पुन्हा वाचला. पुष्कळ वेळ वाचला, एवढा मजकूर त्यात नव्हता. मग ते खिडकीकडं बघत म्हणाले, “आमची आई माजघराच्या पलीकडच्या खोलीत बसायची. आणि मोठ्यानं आकडे म्हणायची. चार, दोन, आठ. मला वाटायचं, ती जप करते.”

चांगुणानं दौत जरा त्यांच्याकडं सरकवली.

“कधी उत्तर दिलं नाही मी,” ते म्हणाले, आणि टाक दौतीत बुडवून त्यांनी कार्डावर सही केली. ओळ तशीच राहिली. शनिवारी बैठकीत त्यांनी मंडळापुढं काय सांगितलं ते तिला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल होत्या, आणि ते एवढंच म्हणाले, की डबे कपाटात लावा.

सोमवारी वाचनालय बंद असतं. चांगुणा कपाटाला कागद चिकटवायला आली होती, छगन काचांवरचे ते काळे कागद खरवडत होता. दुपारी जिन्यात धापा ऐकू आल्या आणि बनुबाई वर आली. बसनं आले, म्हणाली, पोराला सांगितलं दवाखान्यात चालले. वाचनालयात ती जन्मात पहिल्यांदा आली होती. कपाटांकडं तिनं लग्नात आहेर बघावा तसं बघून घेतलं, एवढं सगळं कोन वाचतं गं, आणि मग खेळांच्या कपाटापाशी येऊन नंबरावर बोट ठेवलं.

“हे का आपलं?”

“हे.”

“सारखाच आकडा दोनीवर.”

“सारखाच.”

बनुबाईनं एक पिशवी काढली. घासून गुळगुळीत झालेले जुने चिंचोके तळहातावर घेतले. चांगुणानं दुसरी काढली, वाचायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला पट पसरला आणि शेजारची खुर्ची ओढून पदरानं पुसली. आता दोघींनाही कुणी शिवू नको म्हणणारं नव्हतं. आत्या गेली, वय गेलं. तीस वर्षं राहिलेली जागा, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी. तिनं खुर्चीवर हात ठेवून बनुबाईकडं पाहिलं.

बनुबाईनं खुर्ची पाहिली. मग ती पिशवी घेऊन, चपला फटफटवत, सगळी खोली ओलांडून पलीकडं गेली, वर्तमानपत्रांच्या उतरत्या फळ्यांपलीकडं, आणि जमिनीवर फतकल मारून बसली. तिथून तिचं नुसतं डोकं आणि हात दिसत होते.

“जवळ बसून काय हुतंय?” ती तिकडून म्हणाली. “माझी सोंगटी कोन चालवील मग?”

चांगुणाही खुर्ची सोडून खाली बसली. छगननं भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडं बोट दाखवलं आणि आपणच खरवडायचं थांबवलं. बनुबाईचं पहिलं दान, चल्लस. चांगुणानं तिची सोंगटी उचलली, चार घरं चालवली. मग तिचं दान, मग हिचं. खोलीत आकडे इकडून तिकडे जात राहिले. दुपार उतरली, छगननं मोकळ्या केलेल्या काचांतून ऊन आत सरकत पटाच्या कडेला आलं. एकदा बनुबाई म्हणाली, सरक गं बाई, आणि चांगुणानं मुकाट्यानं आपला खडा उचलून माघारी नेला. पुन्हा चालत चालत तो मधल्या फुलीजवळ आला. आता आठ पडले तर आत.

तिनं चिंचोके मुठीत खेळवले आणि टाकले. फरशीवर ते टपटपले. चारही काळे.

“किती?” पलीकडून बनुबाईनं विचारलं.

“एक.”

आईच्या शेजारी बसून जिनं आईचं प्रत्येक दान बघितलं होतं, तिनं फळ्यांवरून मान वर करून चांगुणाकडं पाहिलं.

“एकच?”

“एकच.”

बनुबाईनं मान खाली घातली, दोन बोटांनी चांगुणाचा खडा उचलला, आणि एक घर पुढं ठेवला.